दारात हत्ती बांधण्यापूर्वी चाऱ्याचा हिशेब

पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता येथून जातो, गोव्याचा महामार्ग येथूनच फुटतो आणि २००२ साली पूर्ण झालेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीला सुरू होतो. जेथे रस्ते तेथे गाड्या, आणि जेथे गाड्या तेथे त्यांचा जुना बाजार. पळस्पे फाट्यापासून कळंबोलीपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांच्या काचांवर 'विकणे आहे' असे लिहिलेले दिसते. त्यांत सात-आठ माणसे बसतील अशा मोठ्या गाड्या पुष्कळ असतात. कागदोपत्री त्यांना एसयूव्ही म्हणतात. आपल्या घरांत अजूनही त्यांना जीपच म्हणतात.

या जीपचे आकर्षण आपल्या कुटुंबांना का वाटते, हे सांगायला नको. घरात माणसे सात, त्यांत एक म्हातारी आई, दोन लहान मुले. एस. टी.च्या पायऱ्या आईला चढवत नाहीत. गाव लांब. लग्न, बारसे, दवाखाना, मयत, यांना वेळ विचारून निघता येत नाही. नवी सात आसनी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते, म्हणून मग तीन-साडेतीन लाखांची जुनी गाडी डोळ्यांपुढे येते. मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर असतात. विकणारा सांगतो, 'इंजिन एकदम ओके आहे, काही काम नाही.' घेणारा पैसे मोजतो आणि पेढे वाटतो.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गाडीची किंमत एकदाच द्यायची असते, खर्च मात्र रोज विचारत येतो. जुन्या गाडीने कर्जात घातलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि जुन्याच गाडीवर सुखाने फिरणारी घरेही पाहिली आहेत. दोघांच्या गाड्यांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो हिशेबात. म्हणून आमच्या घरातल्या गाडीचा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

दोन लाख किलोमीटर म्हणजे काय?

पृथ्वीचा घेर साधारण चाळीस हजार किलोमीटर आहे. दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे पृथ्वीला पाच वेळा वळसा घालून आलेली गाडी. द्रुतगती मार्गाच्या भाषेत सांगायचे तर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकवीसशेहून अधिक फेऱ्या केल्या आहेत.

एवढे चालल्यावर इंजिन मरतेच असे नाही. वेळच्या वेळी तेल बदललेले डिझेल इंजिन दोन लाखांनंतरही चांगले चालते. आधी दम तोडतात ते इतर भाग. रबरी बुश आणि पाइप कडक होऊन तडकतात. शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल गळते. बॉल जॉइंट सैल होतात आणि चाक खड्ड्यात गेले की खडखड आवाज येतो. क्लच प्लेट झिजते. पाण्याचा पंप ठिबकू लागतो. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरतात. डायनॅमो, सेल्फ, एसीचा कॉम्प्रेसर ही सगळी मंडळी एकाच वयाची असतात आणि थोड्या अंतराने एकेक आजारी पडतात.

विकणारा गाडी का विकतो, हेही येथेच समजून घ्यावे. पुष्कळदा टायर, क्लच आणि टायमिंग बेल्ट हे तीन मोठे खर्च जवळ आले की मालक गाडी काढतो. त्यात लबाडीच असते असे नाही. पण त्याने वाचवलेला खर्च नव्या मालकाच्या माथी येतो, हे मात्र खरे.

आमच्या घरातील वही

आम्ही तिघे भाऊ, तीन चुली, पण एक अंगण. गाव महाड तालुक्यात. जानेवारी २०२३ मध्ये २०१३ सालची, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली डिझेल जीप आम्ही तीन लाख साठ हजारांना घेतली. गाडीचे नाव येथे सांगत नाही. या वयाच्या कोणत्याही गाडीला थोड्या फरकाने हेच लागू आहे.

पैशांतला मोठा वाटा थोरल्या वहिनींच्या निवृत्तीच्या रकमेतला होता. त्यांनी एकच अट घातली. 'तीन साठ गाडीला द्या, पण ऐंशी हजार दुरुस्तीला वेगळे ठेवा. ते ऐंशी नसतील तर गाडी नको.' धाकट्याला हे फार वाटले. चालणाऱ्या गाडीला ऐंशी हजार कशाला, असे तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, 'चालते म्हणूनच विकली त्याने. बंद पडली असती तर आपण घेतली असती का?' विम्याचे पैसेही त्यांनी वेगळे काढायला लावले, आणि प्रत्येक भावाकडून दरमहा पंधराशे म्हणजे एकूण साडेचार हजार गाडीच्या डब्यात जमा करायचे ठरले. वही त्यांच्याकडे राहिली.

पहिल्या महिन्यात, गाडी गावाला न्यायच्या आधीच, पुढील कामे केली:

इंजिन, गिअर व डिफरन्शियलचे तेल, सर्व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल — ९,५०० रुपये
टायमिंग बेल्ट, टेन्शनर व पाण्याचा पंप — ११,००० रुपये
पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर — ७,२०० रुपये
बॅटरी — ६,८०० रुपये
चार टायर — २६,००० रुपये
शॉक ॲब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड — १६,५०० रुपये

बेरीज ७७,००० रुपये. ऐंशी हजारांतले तीन हजार उरले.

यांतील एकही काम गाडी बंद पडली म्हणून केलेले नाही. टायमिंग बेल्टचेच घ्या. ज्या इंजिनात साखळीऐवजी रबरी पट्टा असतो, त्यात तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. किती किलोमीटरनंतर ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. मागच्या मालकाने बदलल्याची पावती नसेल, तर बदललाच नाही असे समजावे. चालत्या गाडीत हा पट्टा तुटला तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात, वॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचे हेड खोलावे लागते. अकरा हजार वाचवायला जावे तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, आणि तोही रात्री कशेडीच्या आसपास कुठेतरी.

पुढच्या सात-आठ महिन्यांत गाडीने स्वतःहून मागणी सुरू केली. क्लचचा संच आणि मजुरी १७,५००. एसीचा कंडेन्सर आणि गॅस ८,५००. डायनॅमोची दुरुस्ती ३,८००. पावसाळ्याआधी खालच्या पत्र्याचा गंज खरवडून लेप दिला, ४,७००. मासिक वर्गणीत हे सारे बसले.

फी आधी की इंजेक्टर आधी?

मग ऑगस्ट उजाडला. गाडी काळा धूर सोडू लागली आणि सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. इंजेक्टर तपासून घेतले. दुरुस्तीचा अंदाज निघाला बावीस हजार. डब्यात साडेचार हजार होते.

त्याच महिन्यात पुतणीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. ते पैसे घरात तयार होते. 'गाडी आता दुरुस्त करू, फीला मुदतवाढ मिळते' हा विचार घरात बोलून दाखवला गेला. असे विचार नेहमी शहाण्यासारखेच वाटतात. बाहेरून व्याजाने घेण्याचाही पर्याय निघाला. गल्लीत विचारणारे होतेच, 'काय, गाडी दिसत नाही हल्ली?'

वहिनींनी फी भरून पावती वहीत चिकटवली. बॅटरीची वायर काढून गाडी आवारात उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. सप्टेंबर ते डिसेंबर असे चार हप्ते डब्यात पडले, साडेबावीस हजार झाले, आणि मगच इंजेक्टर झाले. त्या चार महिन्यांत आम्ही एस. टी.ने गेलो. एका मयताला भाड्याची गाडी केली. आईला दवाखान्यात रिक्षाने नेले. अडचण झाली, पण अडले काहीच नाही. वर्षअखेरीस डब्यात पाचशे रुपये शिल्लक होते आणि घरावर गाडीपायी एक रुपयाचे कर्ज नव्हते.

पहिल्या वर्षाचा एकूण हिशेब असा: आधीची कामे ७७,०००, नंतरची ५६,५००, विमा व पीयूसी १४,५००. एकूण १,४८,००० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांहून थोडे जास्तच. गाडी चालली नऊ हजार किलोमीटर. किलोमीटरला साडेसोळा रुपये हा झाला नुसता देखभालीचा भार. डिझेल तेव्हा लिटरला ९४ रुपयांच्या आसपास होते आणि गाडी लिटरला अकरा किलोमीटर देते, म्हणून साडेआठ रुपये त्यात मिळवायचे. पंचवीस रुपये किलोमीटर! आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही.

दुसरे वर्ष मात्र निराळे गेले. दोन सर्व्हिसिंग १४,०००, विमा व पीयूसी १४,५००, चाकाचे बेअरिंग आणि बुश ८,७००, रेडिएटर व पाइप ९,३००, किरकोळ ३,५००. एकूण ५०,०००. गाडी चालली नऊ हजार चारशे किलोमीटर. दोन्ही वर्षे एकत्र धरली तर देखभालीचा भार किलोमीटरला पावणेअकरा रुपयांवर आला. तिसरे वर्षही साधारण दुसऱ्यासारखेच गेले.

यातून दिसते ते हे. जुन्या गाडीचे पहिले वर्ष हे मागच्या मालकाची थकबाकी फेडण्याचे वर्ष असते. ती फेडण्याची तयारी असेल तर पुढची वर्षे गाडी इमानाने चालते. तयारी नसेल तर माणूस दुसऱ्याच वर्षी कंटाळून ती मातीमोल विकतो, आणि फेडलेल्या थकबाकीचा फायदा तिसऱ्यालाच मिळतो.

बयाणा देण्यापूर्वी

आम्ही ही गाडी घेण्याआधी एक दुसरी गाडी पाहिली होती. मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर. पण दाराच्या आतल्या बाजूला तेल बदलल्याचे जुने स्टिकर राहून गेले होते, त्यावर आकडा होता एक लाख चाळीस हजारांचा. मीटर मागे फिरवलेला होता. विकणाऱ्याशी भांडण न करता आम्ही नमस्कार करून परत आलो. मीटरवर विश्वास ठेवू नये. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंग, चालकाची सीट आणि गिअरची मूठ ही खरे वय सांगतात. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद मिळते का, तेही पाहावे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवली तर शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या फिल्टरचे दुखणे. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण सैल करावे. आतून जोराने वाफारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा तेलात दुधाळ रंग दिसला, तर तेथूनच मागे फिरावे.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचा भरपूर असल्या तरी जुने रबर कडक झालेले असते. आणि खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर टायर संपला.

कोकणातल्या माणसाने दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली, गंज. आपला पाऊस आणि खारा वारा चेसिसला आतून खातो. वरून रंग चकचकीत असतो. गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्चने पाहावी, स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहावे. दुसरी गोष्ट, पुराचे पाणी. २६ जुलै २००५ चा पूर रायगड विसरलेला नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन पुसून बाजारात येऊ शकते. सीटखालचे रूळ गंजलेले, पट्टे पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटी चिखलाचा डाग, गालिच्याखाली कुबट वास, दिव्यांच्या आत धुके, या खुणा शोधाव्यात. पाणी प्यायलेली वायरिंग पुढे कित्येक वर्षे त्रास देते.

आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावे आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकट आलेला माणूस भिडेपोटी 'चांगली आहे' म्हणतो. पाचशे-हजार रुपये घेऊन आलेला माणूस खाली वाकून पाहतो.

सुटे भाग: कुठे वाचवावे, कुठे नाही

गाडी निवडताना तिचे सुटे भाग मिळतात का, हे रंगापेक्षा महत्त्वाचे आहे. बोलेरो २००० सालापासून अखंड बनत आली आहे, तिचे सामान गावोगाव मिळते. टाटा सुमो १९९४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. क्वालिस २००० ते २००५ एवढीच बनली. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि तवेराही थांबली. बंद झालेली गाडी वाईट असते असे नव्हे. पण एखादा भाग मिळेपर्यंत गाडी किती दिवस उभी राहील, हे घेण्याआधी मिस्त्रीला विचारावे.

पनवेलकरांना एक सोय आहे. एका हाताला मुंबईतील कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार, दुसऱ्या हाताला पुण्याची नाना पेठ. दरवाजा, काच, दिवा, आरसा, सीट, बंपर असे सामान जुने घेतले तरी चालते. डायनॅमो-सेल्फ दुरुस्त केलेले चालतात. पण ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, टायर, टायमिंग बेल्ट आणि चाकांचे बेअरिंग यांत जुने किंवा बनावट सामान कधीही घालू नये. ज्या भागावर घरातल्या सात जिवांचा भरवसा आहे, तेथे चारशे रुपये वाचवून काय मिळवायचे?

गॅरेजमध्ये काम देताना अंदाज कागदावर लिहून घ्यावा, सामान आणि मजुरी वेगळी मांडायला सांगावी आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. उलट ज्याचा हिशेब चोख त्याचे काम तो आधी करतो, असा आमचा अनुभव आहे.

चालवण्याच्या सवयीही खर्च ठरवतात. लांबून वेगाने आल्यावर टर्बो असलेले इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे. डिझेल फिल्टरमधले पाणी वेळोवेळी काढावे. क्लचवर पाय टेकवून चालवू नये. बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, नुसत्या ब्रेकवर नव्हे. गोव्याच्या रस्त्याचे रुंदीकरण २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि त्या टप्प्याने वाहनांची किती हाडे मोडली, हे कोकणचा प्रत्येक माणूस जाणतो. खड्डा आधी दिसला तर वेग कमी करा. खड्ड्यात चाक गेल्यावर दाबलेला ब्रेक सस्पेन्शनला जास्त मारतो.

कागद हाही गाडीचा भागच

नट-बोल्ट सुटला तर दुरुस्त होतो. कागद अडला तर गाडी असून नसल्यासारखी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत विक्री कळवायची असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी हातोहात विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. 'कागद नंतर करू' हे वाक्य दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

आपल्याकडे जुन्या गाड्यांवर पेणचा एमएच-०६ आणि नंतरच्या गाड्यांवर पनवेलचा एमएच-४६ दिसतो. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाच्या आदेशाने निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. पण ती गाडी येथे आणायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, येथील कर आणि नवा नंबर हा खर्च किमतीत मिळवावा.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर आहे आणि गाडी तपासणीला उत्तीर्ण व्हावी लागते. विम्यातही मोठे इंजिन महाग पडते. जून २०२२ पासूनच्या दरांत १५०० सीसीवरील खाजगी गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमा वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर कर असा ठरला. थकलेली चलने आणि गाडीवरचा बोजा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून पाहता येतो. पाच मिनिटांचे काम आहे, ते टाळू नये.

भाडे मारून वसूल करू?

पहिल्या वर्षाचा खर्च पाहून धाकट्याच्या मित्रांनी सल्ला दिला, 'शनिवार-रविवार भाडी मार, सहा महिन्यांत वसूल होईल.' पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणे कायद्याने गुन्हा आहे. दंड होतो, गाडी अडकवून ठेवतात, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याचाच धंदा करायचा असेल तर रीतसर पिवळी पाटी, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि वेगळा विमा घेऊन करावा. तो मानाचा व्यवसाय आहे. पण घरच्या गाडीचा तोटा भरून काढण्यासाठी चोरून भाडी मारणे म्हणजे एका भोकावर दुसरे भोक पाडणे. आमच्या घरात हा विषय एका संध्याकाळी निघाला आणि त्याच संध्याकाळी संपला.

गाडी कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

ज्यांची धाव वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर आहे, घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे आणि दुरुस्तीसाठी किमतीच्या निदान चौथा हिस्सा हातात आहे, त्यांनी जुनी जीप खुशाल घ्यावी. आमच्या आईला गावाचा उंबरठा वर्षातून चारदा दिसू लागला. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर सगळे कुटुंब एकत्र जाऊ शकते. याची किंमत वहीत लिहिता येत नाही.

ज्यांची धाव वर्षाला अडीच हजार किलोमीटरच आहे, त्यांनी मात्र पुन्हा विचार करावा. दुसऱ्या वर्षाचा आमचा पन्नास हजारांचा खर्च अडीच हजार किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला वीस रुपये पडतात, वर डिझेल. विमा, बॅटरी आणि रबर गाडी उभी राहिली तरी खर्च मागतातच. एवढ्या धावेसाठी लागेल तेव्हा भाड्याची गाडी करणे स्वस्त पडेल, शिवाय चालकही मिळेल.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांवरील जीएसटी कमी झाला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुनीचा भाव नवीच्या भावावर ठरतो, तेव्हा त्याआधीच्या भावाने आता कोणी जुनी गाडी गळ्यात मारत असेल तर मारू देऊ नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. नुसत्या शहरातल्या लहान फेऱ्यांत तो तुंबतो आणि बदलायला फार महाग पडतो. अशी गाडी घेताना तो भाग मुद्दाम तपासावा.

शेवटी गाडी सोडायची कधी, हेही घेतानाच ठरवून ठेवावे. वहिनींनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे: एका वेळची दुरुस्ती गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त झाली, तर गाडी विकायची. आमच्या गाडीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतात, तोवर हा नियम उघडून पाहण्याची वेळ कदाचित येईल, कदाचित येणार नाही. पण नियम आधी लिहिलेला असला की त्या दिवशी भावाभावांत वाद होत नाहीत, आणि पुतणीच्या फीकडे कोणाची नजर जात नाही.